शिंगं वाजवली तरी नर का येत नाही? साउथ टेक्ससमधल्या रॅटलिंगबद्दल सविस्तर

आधी प्रश्न थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ह्यूस्टनला राहता, गेल्या सीझनला चौघांनी मिळून कोटुलाजवळ हरणांच्या शिकारीसाठी लीज, म्हणजे भाड्याने रान, घेतली, रॅटलिंगची, म्हणजे दोन नर भिडल्याचा आवाज काढून नराला जवळ बोलवायची, सिंथेटिक शिंगं घेतली, व्हिडिओ बघून घरी प्रॅक्टिस केली आणि तीनदा जाऊन आलात, नोव्हेंबरचा पहिला वीकेंड, थँक्सगिव्हिंग आणि डिसेंबरचा तिसरा आठवडा. दर वेळी फीडरसमोरच्या (हरणांना दाणा टाकणाऱ्या यंत्रासमोरच्या) बॉक्स ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या खोक्यात, बसून दर पाच-दहा मिनिटांनी शिंगं वाजवली, तीन-तीन तास. एकही व्हाइटटेल (इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण) नर समोर आला नाही. फक्त डिसेंबरमध्ये एकदा मागच्या झाडीतून जोरात फुत्कार आला आणि काहीतरी धडधडत पळालं. हे प्रकरण खरंच चालतं का, चुकतंय काय, आणि दहा वर्षांच्या मुलाला यंदा न्यायचं का, असं विचारलंय.

चालतं. आणि तो फुत्कार हेच तुमचं उत्तर आहे, कारण तो नर आला होता हो! तुमची शिंगं ऐकून आला, मागून फिरला, तुमचा वास घेतला, नाकातून हवा सोडली आणि गेला. म्हणजे वाजवणं जमलंय, बसायची जागा चुकलीये. मी मूळचा चंद्रपूरचा, २००५ पासून सॅन अँटोनिओत आहे आणि जवळजवळ तेव्हापासून दर डिसेंबरला टिल्डनच्या बाजूला जातो. मला शिकवणारे रँचवाले आजोबा तिथेच जन्मले तिथेच वाढले, ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते की शिंगं हातात घ्यायच्या आधी वाऱ्याचं बघ. मी तेव्हा मान डोलावली पण ते डोक्यात उतरायला तीन सीझन गेले, तुमचा एकच गेलाय.

हरीण येतं कशाला ते नीट कळलं की बाकीचं आपोआप सुचतं. उन्हाळाभर हे नर एकत्र चरतात, भांडण नाही काही नाही. दिवस लहान व्हायला लागले की अंगात टेस्टोस्टेरॉन वाढतं, सप्टेंबरात शिंगांवरची मखमल झाडाझुडपांवर घासून निघते आणि मग एकमेकांची ताकद अजमावणं सुरू होतं. सुरुवातीला नुसती शिंगाला शिंग लावून ढकलाढकली, म्हशीची रेडकं करतात तशी. खरी मारामारी होते ती माद्या माजावर यायला लागल्या की. मादी एका वेळी साधारण दिवसभरच माजावर असते, त्यामुळे त्या काळात दोन मोठे नर भिडल्याचा आवाज आला की तिसऱ्याला कळतं की इथे मादी आहे, आणि हे दोघं एकमेकांत गुंतलेत. कुणी मादीसाठी येतो, कुणी आपल्या इलाख्यात कोण आलंय ते बघायला येतो, पोरगेलेसे नर नुसते तमाशा बघायला येतात. आपण शिंगं वाजवतो म्हणजे हीच बातमी झाडीत पसरवतो.

आता ही बातमी कधी खरी वाटणार ते तारखेवर आहे. टेक्ससमध्ये माज सगळीकडे एका वेळी येत नाही, हे फार लोकांना माहीत नसतं. वरच्या गल्फ किनाऱ्याकडे सप्टेंबरअखेरीसच जोर असतो, पोस्ट ओकच्या पट्ट्यात साधारण १० नोव्हेंबरच्या आसपास, आणि साउथ टेक्ससमध्ये, म्हणजे तुमच्या कोटुलाकडे, डिसेंबरच्या मध्यापासून ख्रिसमसपर्यंत. रायफलचा सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो म्हणून सगळे तेव्हा शिंगं घेऊन धावतात, पण तुमच्या भागात तेव्हा जोरात मारामारीचा आवाज काढणं म्हणजे आषाढात दिवाळीचे फटाके. तेव्हा वाजवायचंच असेल तर हलकं, टोकाला टोक लावून टिकटिक, दोन पोरं खेळतायत असं. थँक्सगिव्हिंगला थोडं बरं. डिसेंबरचा तिसरा आठवडा मात्र अगदी बरोबर होता, आणि नर तेव्हाच आला ना!

वाऱ्याकडे येतो. व्हाइटटेल आवाजाच्या दिशेने सरळ चालत येईल असं धरून तुम्ही बसला होता. काही येतात तसे, विशेषतः दोन-अडीच वर्षांचे, कधी कधी तर पळत येतात. पण वय झालेला नर कानावर पूर्ण विश्वास ठेवत नाही, तो लांबून वळसा घालतो आणि वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला जाऊन उभा राहतो, म्हणजे मारामारी करणाऱ्यांचा वास त्याच्या नाकावर येईल. मी त्या बाजूला वासाची बाजू म्हणतो. तिथे त्याला दोन नरांचा आणि मादीचा वास यायला हवा, येतो तुमचा, कॉफीचा आणि ट्रकच्या डिझेलचा. खेळ संपला.

हे माझं एकट्याचं मत नाही. १९९० च्या दशकात सिंटनजवळच्या वेल्डर वाइल्डलाइफ रेफ्यूजवर मिकी हेलिकसन आणि त्यांच्या सोबतच्यांनी याच्यावर नीट अभ्यास केला होता. एक माणूस खाली जमिनीवर वाजवायचा आणि दुसरा उंच टॉवरवरून बघायचा. १७१ वेळा वाजवलं आणि १११ नर आले. त्यातले बरेचसे खाली बसलेल्या माणसाला दिसलेच नाहीत, फक्त टॉवरवरच्याला दिसले, आणि बहुतेकांची ओढ वासाच्या बाजूला होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे आधीचे सगळे रिकामे दिवस डोळ्यासमोर आले, कारण ते रिकामे नव्हतेच, नर येऊन जात होते आणि मी समोर बघत बसलो होतो. दुसरी गोष्ट, जोरात वाजवलं तेव्हा हळू वाजवण्याच्या जवळपास तिप्पट नर आले, पण एक मिनिट वाजवलं का तीन मिनिटं याने फारसा फरक पडला नाही. सकाळची वेळ सगळ्यात चांगली निघाली, वारा कमी असताना. आणि माजाचा जोर ओसरल्यावर जे येतात त्यांच्यात मोठ्या वयाचे नर जास्त, हे जानेवारीच्या सुरुवातीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

म्हणून बॉक्स ब्लाइंड सोडा. फीडरपाशी तर वाजवूच नका, तिथे वर्षानुवर्षं बंदुका वाजल्यात, मोठा नर दिवसाउजेडी तिथे यायला मुळातच कचरतो. झाडीत जमिनीवर बसा. आपल्याकडच्या माणसाला साउथ टेक्ससची झाडी बघून घरचीच आठवण येते, मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचंच भावंड, तिथलं विसाचे म्हणजे चक्क आपली देवबाभूळ, आणि खाली फड्या निवडुंग. मी जागा अशी बघतो: पाठीला दाट झुडूप, समोर पातळ झाडी, आणि वासाच्या बाजूला एखादा सेंडेरो, म्हणजे झाडीतून काढलेला तो मोकळा सरळ पट्टा, किंवा तळं, किंवा उघडं रान. उद्देश एवढाच की मागून फिरणाऱ्या नराला वासाच्या बाजूला जायला उघड्यावरून जावं लागलं पाहिजे, तिथे तो दिसतो, आणि वास घ्यायच्या आधी दिसतो. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवा, एकदा दाबली की कळतं वारा कुठे चाललाय, आणि हे फक्त बसताना नाही तर दर दहा मिनिटांनी बघायचं कारण सकाळी ऊन चढलं की वारा फिरतो.

दोघं असाल तर याहून चांगलं. वाजवणारा वारा येतोय त्या बाजूला, रायफलवाला त्याच्यापासून चाळीस-पन्नास यार्ड वासाच्या बाजूला. वळसा घालणारा नर नेमका रायफलवाल्याच्या पुढ्यात येतो. पण दोघांना एकमेकांची जागा अगदी पक्की माहीत पाहिजे, कुठल्या दिशेला गोळी सुटणार नाही ते आधी बोटाने दाखवून ठरवायचं, आणि नर पडला तरी हाक मारल्याशिवाय कुणी जागेवरून उठायचं नाही. याला अपवाद नाही.

वाजवायचं कसं ते तुम्हाला येतंच, तरी मी करतो ते सांगतो. पहाटे उजेड व्हायच्या वीस मिनिटं आधी जागेवर. चालत जाताना ट्रकचं दार आपटायचं नाही, ट्रक निदान पाव मैल मागे. बसल्यावर दहा मिनिटं काही नाही, रान शांत होऊ द्यायचं. मग एकदम धाडकन, अंगातली सगळी ताकद लावून शिंगं एकमेकांवर आपटायची, पहिली टक्कर मोठीच असते, आणि मग ती अडकवून पिळायची, घासायची, सोडायची, पुन्हा पिळायची. खऱ्या मारामारीत टाळ्या वाजवल्यासारखा ठेका नसतो, नुसतं ढकलणं आणि दळणं असतं, आणि मध्येच दम खायला दोघं थांबतात. एका शिंगाच्या बुडख्याने जमिनीवर ठोके द्या, खुरांचे, बाजूची वाळकी फांदी मोडा, झुडूप खसाखसा हलवा, पाला खरवडा. मी तर म्हणेन की शिंगांइतकंच हे महत्त्वाचं आहे. दीड-दोन मिनिटं झालं की शिंगं खाली ठेवायची, रायफल मांडीवर घ्यायची आणि हलायचं नाही. दहा-बारा मिनिटांनी पुन्हा एकदा, मग अजून एकदा, असं अर्ध्या तासात तीनदा, त्यानंतरही पंधरा मिनिटं गप्प. मग उठून वारा तोंडावर घेत अर्धा मैल पुढे आणि तिथे नव्याने. तुम्ही एकाच जागी तीन तास दर पाच मिनिटांनी वाजवत होता, एवढी लांब मारामारी कुठलेही दोन नर करत नाहीत, आणि तुमचे हात सतत हलत राहिल्यावर जवळ आलेला नर तुम्हाला बघणारच.

शिंगांचं म्हणाल तर सिंथेटिकने काम होतं, रॅटलिंग बॅगनेही (चोळली की शिंगांसारखी वाजणारी पिशवी) होतं, पण मला खरी आवडतात. शिंग हे हाड आहे, गाईच्या शिंगासारखं पोकळ नाही, आणि दरवर्षी गळून पडतं. गळून पावसापाण्यात वर्षभर पडलेलं, पांढरं पडलेलं शिंग वाळक्या लाकडासारखं बद्द वाजतं, ताजं तपकिरी शिंग खणखणीत. रँचमालकाला विचारून फेब्रुवारी-मार्चमध्ये डावं-उजवं मध्यम आकाराचं शोधा, बाजूला चार-चार टोकं असलेलं. फार मोठं घेऊ नका, हाताला झेपत नाही. कपाळाजवळचं पहिलं टोक करवतीने उडवा नाहीतर पहिल्याच टकरीला अंगठा ठेचेल, बाकीची टोकं कानशीने बोथट करा, बुडख्यात भोक पाडून दोरी ओवा म्हणजे गळ्यात अडकवता येतील. सीझन नसताना सावलीत ठेवायची, मी वर्षातून एकदा जवसाचं तेल पुसतो.

एक सकाळ सांगतो. रात्री नॉर्दर, म्हणजे उत्तरेकडून अचानक येणारा गार वारा, येऊन गेला होता, टेक्ससमधल्यांना माहीतच आहे, दुपारी शर्टवर असतो आणि रात्री दात वाजतात. पहाटे आभाळ भरलेलं, वारा जवळजवळ पडलेला. मी एका वाळक्या ओढ्याच्या काठाला बसलो होतो, पहिल्यांदा वाजवून शिंगं खाली ठेवली आणि हातमोजे काढेपर्यंत डावीकडे काटक्या मोडल्याचा आवाज. बघतो तर नर मेस्कीटच्या फांद्यांमधून सरळ माझ्याकडे येतोय, चालणं तिरकं, ताठ पायांवर, कान मागे पाडलेले, मानेवरचे आणि पाठीवरचे केस इतके उभे की अंग काळं दिसत होतं. बारा पावलांवर येऊन थांबला. मागच्या पायांच्या आतल्या ग्रंथी मुतून काळ्या झालेल्या, त्यांचा तो उग्र वास मला येत होता, म्हणजे वारा त्याच्याकडून माझ्याकडे होता, म्हणूनच तो थांबला होता. नाकातून वाफ येत होती. बुबुळाच्या कडेला पांढरं दिसत होतं. तो शोधत होता ते दोघं कुठे गेले. मी श्वास घेतला नाही. अंगावरून कमरेखाली निमुळता, पोट अजून वर, पाय लांब वाटतात असा, म्हणजे तीन वर्षांचा असेल, आमच्या लीजवर पाच वर्षांखालचा मारायचा नाही असं ठरलेलं. अर्ध्या मिनिटाने त्याने बाजूच्या झुडपाला शिंगं घासली, साल सोलून काढली आणि ज्या वाटेने आला त्या वाटेने गेला. त्या सीझनला मी एक मोठा नर मारलाही, पण आजही आठवतो तो हाच.

जिथे नर कमी आणि माद्या खूप, तिथे हे सगळं करून फारसं हाती लागत नाही, कारण भांडायला कारणच नाही, प्रत्येकाला मादी मिळते. साउथ टेक्ससच्या चांगल्या सांभाळलेल्या रँचवर नर-माद्यांचं प्रमाण बरं असतं आणि म्हाताऱ्या नरांनाही जगू देतात म्हणून तिकडे रॅटलिंगचं एवढं नाव आहे. तुमच्या लीजवर चौघांनी मिळून ठरवा की पोरगेले नर सोडायचे, दोन-तीन वर्षांत फरक ऐकू येईल. आणि आवाज ऐकून कोयोटी पण येतात, रानडुकरं येतात, एकदा बॉबकॅट आलं होतं, तेव्हा काटकी मोडली की लगेच सेफ्टी काढायची नाही. आधी पूर्ण जनावर दिसू द्या.

सार्वजनिक जमिनीवर तर मी रॅटलिंग जवळजवळ बंदच केलंय. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका ठिकाणी वाजवून बसलो होतो आणि साठ यार्डांवर झाडीत काहीतरी सरकलं, बघतो तर एक माणूस वाकून, रायफल खांद्याला लावून माझ्या आवाजाच्या दिशेने येत होता. मी जागेवरून न हलता जोरात ओरडलो. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, माझे हात तासभर थरथरत होते. आपण हरणाचा हुबेहूब आवाज काढतोय, तो माणसालाही हुबेहूबच वाटणार. टेक्ससच्या सार्वजनिक शिकारीच्या जागांवर ४०० चौरस इंच केशरी कपडा आणि केशरी टोपी लागते, प्रायव्हेट रँचवर कायद्याने लागत नाही, मी तिथेही घालतो. हरणाला केशरी रंग आपल्यासारखा दिसत नाही, नर बिघडत नाही त्याने. आणि पाठीमागे माझ्यापेक्षा रुंद झाडाचं खोड मिळालं तर तेच बघतो.

कायद्याचं पटकन. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्याला टेक्ससमध्ये हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो करा आणि मन लावून करा. तुमच्या चौघांत कुणी एच-वन-बीवर असेल तर नीट वाचा: नॉनइमिग्रंट व्हिसावर अमेरिकेत बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे, तिथल्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असणं हा त्यातला एक अपवाद आहे, म्हणून लायसन्स संपलं आणि रायफल घरात राहिली असं होऊ देऊ नका. काही काउंट्यांत, लावाका वगैरे, शिंगांच्या आतली रुंदी १३ इंच तरी हवी किंवा निदान एका बाजूचं शिंग बिनफाट्याचं हवं असा नियम आहे. कान टवकारलेल्या नराच्या दोन कानांच्या टोकांत साधारण तेवढंच अंतर असतं, त्यावरून बघतात. पण रॅटलिंगला आलेला नर कान मागे पाडून येतो, तेव्हा हा अंदाज हमखास चुकतो, त्याने कान पुढे केल्याशिवाय ठरवू नका.

आणि हे सगळं फक्त इथलं. मी लहानपणी ताडोब्याच्या कडेला चितळांच्या नरांची शिंगं वाजताना ऐकलीयेत, तो आवाज ऐकून अजून अंगावर काटा येतो, पण भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांची शिकार बंद आहे आणि जंगलात गळून पडलेलं शिंग उचलून घरी ठेवणंही गुन्हा आहे. इथली शिंगंसुद्धा हौसेने गावाला भेट म्हणून नेऊ नका, बघणाऱ्याला ते सांबराचं का टेक्ससचं ते कळत नाही आणि घरच्यांच्या मागे चौकशी लागते.

मुलाला जरूर न्या. पहिली सकाळ रायफल कॅम्पवरच ठेवा, नुसतं तुम्ही दोघं. तो तुमच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा, केशरी टोपी घालून, जाड हातमोजे घालून. शिंगं त्याला जड जातील, बॅग द्या, ती मांडीवर तळव्यांनी चोळली तरी वाजते. पावडरची बाटलीही त्याच्याकडेच द्या, वारा कुठे चाललाय ते त्याने सांगायचं आणि त्यानेच जागा निवडायची. वाजवून झालं की तुम्ही समोर बघा आणि त्याला वासाच्या बाजूला बघायला बसवा, पोरांची नजर आपल्यापेक्षा लवकर पकडते, नर पहिल्यांदा त्यालाच दिसेल.